यंत्र चालू आहे, एवढ्यावर चाचणी संपू नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: डिजिटल उपकरणांतील रिंग ऑसिलेटरचे नको असताना जुळणे आणि त्याची न होणारी तपासणी

महोदय,

गेले काही दिवस आपल्या दैनिकात गृहनिर्माण संस्थांमध्ये बसवल्या जाणाऱ्या डिजिटल कुलपांविषयी आणि स्मार्ट मीटरविषयी वाचकांची पत्रे येत आहेत. त्यांतली बहुतेक पत्रे पासवर्ड, ओटीपी आणि माहितीची गोपनीयता यांविषयी आहेत आणि ती काळजी रास्तच आहे. मात्र या सगळ्या उपकरणांची सुरक्षा ज्या एका गोष्टीवर उभी आहे, तिच्याविषयी मराठीत कुणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे पत्र. मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु हा विषय दोन परिच्छेदांत सांगितला तर त्यातून फक्त भीती पसरेल, समज वाढणार नाही. तेव्हा शक्य झाल्यास ते न कापता छापावे, ही विनंती.

कुलूप असो, बँकेचे कार्ड असो की विजेचे मीटर असो, आत बसलेल्या चिपला वेळोवेळी अशी एक संख्या लागते, की जिचा अंदाज कुणालाही येता कामा नये. तिच्यापासून गुप्त किल्ली तयार होते, आणि दोन उपकरणे एकमेकांना ओळखतात तीही अशाच ताज्या, अनपेक्षित संख्येच्या आधारे. संगणकाचे गणित कितीही गुंतागुंतीचे केले, तरी तेच आकडे घातले की तेच उत्तर येते. त्यामुळे ही संख्या गणितातून निघत नाही. ती निसर्गातल्या खऱ्या अनिश्चिततेतून उचलावी लागते. चिपमध्ये ती उचलण्याचा एक स्वस्त आणि म्हणूनच फार प्रचलित मार्ग म्हणजे रिंग ऑसिलेटर.

त्याची रचना शाळेतल्या मुलालाही समजेल इतकी साधी आहे. नॉट गेट नावाचे एक छोटे मंडल असते; त्याला शून्य दिले की ते एक देते आणि एक दिला की शून्य. अशी विषम संख्येची गेटे, समजा पाच, एकापुढे एक जोडायची आणि शेवटच्या गेटचे टोक पहिल्याला आणून जोडायचे. या कड्यात सगळ्या गेटांचे एकाच वेळी जुळेल अशी एकही स्थिर अवस्था नसते, त्यामुळे शून्याचा एक आणि एकाचा शून्य होत राहून तो बदल कड्यात अखंड फिरत राहतो. एका गेटला प्रतिसाद द्यायला १ नॅनोसेकंद लागतो असे धरले, तर पाच गेटांच्या कड्याचे एक आवर्तन १० नॅनोसेकंदांत पुरे होते, म्हणजे सेकंदाला १० कोटी आवर्तने होतात.

यात अनिश्चितता कुठून आली? तापमानामुळे इलेक्ट्रॉनांची जी चुळबुळ सतत चालू असते, तिच्यामुळे प्रत्येक बदल ठरल्या क्षणाच्या किंचित आधी किंवा किंचित नंतर होतो. हा फरक काही पिकोसेकंदांचा असतो आणि अभियंते त्याला जिटर म्हणतात. एका आवर्तनातला जिटर नगण्य असला, तरी कडे आपली चूक कधी दुरुस्त करून घेत नाही. ज्या घरातले घड्याळ रेडिओच्या वेळेशी कधीच लावले जात नाही, त्या घड्याळाची कालची चूक आजच्या चुकीत मिळते आणि महिन्याभराने ते किती पुढे किंवा मागे असेल हे कुणाला सांगता येत नाही. कड्याचे तसेच होते. हजारो आवर्तनांनंतर दुसऱ्या एखाद्या सावकाश घड्याळाच्या ठोक्यावर त्या कड्यात डोकावून पाहिले, तर शून्य दिसेल की एक, हे आधी सांगता येत नाही. ती झाली खरी यादृच्छिक संख्या.

एकच कडे ही अनिश्चितता सावकाश साठवते, म्हणून अनेक कडी शेजारी शेजारी ठेवून त्यांचे निकाल एक्सॉर गेटमधून (दोन निकाल वेगळे असले तर एक आणि सारखे असले तर शून्य देणाऱ्या मंडलातून) एकत्र करतात. सुनार, मार्टिन आणि स्टिन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेल्या रचनेत प्रत्येकी १३ गेटांची ११४ कडी होती आणि तिच्या सुरक्षिततेची गणिती सिद्धताही त्यांनी दिली होती. त्या सिद्धतेच्या मुळाशी एक गृहीतक आहे: प्रत्येक कडे आपापल्या गतीने, इतर कड्यांशी काही संबंध न ठेवता फिरते. कागदावर हे गृहीतक एका ओळीत लिहिता येते. सिलिकॉनवर ते टिकवणे फार अवघड आहे.

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन पथके जवळ उभी असली आणि त्यांची लय मुळात जवळपासची असली, तर थोड्या वेळाने दोन्हींकडचा ठोका एकाच क्षणी पडू लागतो. कुणी कुणाला सांगितलेले नसते. आपला ठेका सांभाळणाऱ्या ताशावाल्याला उलट त्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. लय फारच वेगळी असेल किंवा मधले अंतर पुरेसे असेल, तर असे होत नाही. निर्जीव वस्तूंतही हेच घडते, हे १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी पाहिले. आजारपणात खोलीत पडून असताना त्यांच्या लक्षात आले, की एकाच तुळईला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक नेमके परस्परविरुद्ध दिशांना हलत आहेत, आणि त्यांची लय मुद्दाम बिघडवली तरी अर्ध्या तासात ते पुन्हा तसेच हलू लागतात. तुळईतून जाणारा सूक्ष्म हिसका त्यासाठी पुरेसा होता.

चिपमधल्या कड्यांची सामाईक तुळई म्हणजे वीजपुरवठ्याची वाहिनी. एखादे कडे बदलाच्या क्षणी थोडा जास्त प्रवाह ओढते, त्या जागी पुरवठ्याचा दाब (व्होल्टेज) किंचित खाली येतो आणि शेजारच्या कड्यातले जे गेट नेमके त्याच क्षणी बदलत असेल, ते किंचित मंदावते. शेजारून जाणाऱ्या तारांमधून आणि खालच्या सिलिकॉनच्या थरातूनही असे हिसके पोचतात. दोन कड्यांच्या वारंवारता मुळात जवळच्या असतील, तर हे हिसके दर आवर्तनात साधारण त्याच जागी बसत राहतात, मागे राहिलेल्याला पुढे आणि पुढे गेलेल्याला मागे खेचतात, आणि शेवटी दोन्ही कडी एका ठेक्यात बांधली जातात. आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत, ती लॉक होतात. कधी ती एकास एक नव्हे, तर दोनास एक किंवा तीनास दोन अशा प्रमाणातही लॉक होतात. बाहेरचा हिसका किती फरकापर्यंत खेचून घेऊ शकतो, याचे गणित रॉबर्ट ॲडलर यांनी १९४६ मध्ये मांडले. (टीव्हीचा ध्वनिलहरींवर चालणारा पहिला रिमोट घडवणारे ॲडलर ते हेच.) त्या गणितातून स्पष्ट दिसते, की क्वार्ट्झचा स्फटिक आपल्या वारंवारतेला घट्ट धरून राहतो, कारण त्यात पुष्कळ ऊर्जा साठलेली असते, रिंग ऑसिलेटरमध्ये असे साठवणारे काहीच नसते, त्यामुळे तो परक्या इशाऱ्यामागे फार लवकर जातो. म्हणजे जिटर जास्त मिळावा म्हणून आपण जे मंडल निवडतो, तेच सर्वांत सहज ओढले जाणारे असते.

लॉक झालेल्या कड्यांतला जिटर नाहीसा होत नाही, हेही सांगायला हवे. इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालूच असते. पण प्रत्येक चूक पुढच्याच काही आवर्तनांत दुरुस्त होते, त्यामुळे ती साठत नाही. आणि आपण तर साठलेल्या चुकीवरच विसंबून होतो.

हे सगळे मी पुस्तकातून शिकवत होते, पण त्याचा खरा अर्थ मला निवृत्तीच्या आदल्या वर्षी समजला. शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी एका एफपीजीए बोर्डावर (ज्याच्या चिपमधले मंडल आपल्याला हवे तसे जुळवता येते) १६ कड्यांची अशी रचना केली होती. जानेवारीत तिच्यातून १० लाख बिटे, म्हणजे शून्य-एकाचे आकडे, घेतली आणि ती नेहमीच्या सांख्यिकी चाचण्यांत उत्तीर्ण झाली. मार्चमध्ये, सादरीकरण बरे दिसावे म्हणून, त्यांनी त्याच चिपमध्ये आकडे दाखवणाऱ्या डिस्प्लेचे मंडल जोडले. कड्यांच्या वर्णनातले एक अक्षरही बदलले नव्हते. पुन्हा १० लाख बिटे घेतली, पुन्हा सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण. केवळ शिकण्याच्या हेतूने मी त्यांना सांगितले, की प्रत्येक कड्याच्या सिग्नलची वारंवारता १६ने भागून तो बाहेरच्या पिनवर आणा आणि दोन दोन कडी स्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, शेजारी लावून पाहा.

स्कोप एका कड्यावर ट्रिगर केला, की त्या कड्याची लाट पडद्यावर स्थिर उभी राहते. दुसरे कडे स्वतंत्र असेल, तर त्याची लाट इतक्या वेगाने सरकत असते, की तिचा नुसता धुरकट पट्टा दिसतो. तो धुरकटपणा हीच स्वातंत्र्याची खूण. पहिल्या सहा कड्यांपर्यंत पट्टे दिसत गेले. सातव्या आणि आठव्या कड्याला प्रोब लावले, तेव्हा पडद्यावर दोन स्वच्छ, रेखीव लाटा एकीखाली एक उभ्या राहिल्या, टाचणीने टाचल्यासारख्या. आम्ही आधी एकाच पिनला दोन्ही प्रोब लागले का ते पाहिले. तसे नव्हते. नंतर एकीने वसतिगृहातून केस वाळवण्याचे यंत्र आणले आणि चिपवर गरम हवा धरली, तेव्हा ती जोडी बराच वेळ स्थिर राही, मग अचानक एक पाऊल पुढे सरके आणि पुन्हा थबके. थबकणे आणि सरकणे, थबकणे आणि सरकणे. लॉक सुटण्याच्या काठावरचे कडे नेमके असेच वागते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवत आले होते. डोळ्यांनी पाहिले त्या संध्याकाळी. आणखी गरम केल्यावर ही जोडी सुटली, आणि तोपर्यंत मोकळी असलेली दुसरीच एक जोडी जुळली. खोलीच्या तापमानाला १६पैकी पाच कडी एकमेकांत अडकलेली होती. चिपच्या आतला आराखडा उघडला तेव्हा कारण समजले: डिस्प्लेला जागा करून देण्यासाठी सॉफ्टवेअरने ती कडी एकमेकांना खेटून बसवली होती.

तोंडी परीक्षेच्या वेळी आलेल्या परीक्षकांनी अहवाल चाळला आणि, सगळ्या चाचण्या पास आहेत, मग अडचण काय, असे विचारले. मुली गोंधळल्या. त्यांना कमी गुण मिळाले याचे मला वाईट वाटले, पण त्याहून जास्त खटकले ते त्या प्रश्नात दडलेले गृहीतक, कारण तेच गृहीतक नंतर मला सगळीकडे भेटत गेले.

अडचण काय, याचे उत्तर २०१० मध्येच फ्रान्समधील सेंट-एतिएन येथील संशोधकांनी दिले होते. जिटर अजिबात नसलेली, म्हणजे पूर्णपणे ठरल्याप्रमाणे चालणारी, थोड्या थोड्या वेगळ्या वारंवारतेची १८हून अधिक कडी संगणकावर चालवून त्यांनी दाखवले, की त्यांचे एक्सॉर केलेले उत्तर सांख्यिकी चाचण्या पास होते. वेगवेगळ्या लाटांचे मिश्रण दिसायला अव्यवस्थित दिसते, एवढेच त्यामागचे कारण आहे. ज्याला त्या लाटा ठाऊक आहेत त्याच्या दृष्टीने त्यात अनिश्चित असे काहीच नाही. त्याच निबंधात त्यांनी हेही दाखवले, की हल्लेखोर एक चतुर्थांशाहून अधिक कडी लॉक करून टाकू शकतो.

आपोआप जे घडते, ते मुद्दाम घडवून आणता येते, हे त्याच्या आदल्या वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या थिओ मार्केटॉस आणि सायमन मूर यांनी प्रत्यक्ष करून दाखवले होते. त्यांनी चिपच्या आत हात घातला नाही. फक्त बाहेरून वीजपुरवठ्यात योग्य वारंवारतेचा एक सिग्नल मिसळला. आतली कडी त्या सिग्नलला लॉक झाली. ज्या सुरक्षित मायक्रोकंट्रोलरवर (उपकरण चालवणाऱ्या छोट्या चिपवर) त्यांनी हा प्रयोग केला, त्याच्या ६४ बिटांच्या संख्येच्या शक्यता सुमारे १ लाख ८४ हजार कोटी कोटी असायला हव्या होत्या. त्या उरल्या ३३००. एवढ्या शक्यता साधा संगणक क्षणात तपासतो. २००४ मध्ये दिल्या गेलेल्या एका चिप-पिन कार्डावरही हा हल्ला चालला. कार्डाच्या व्यवहारात लागणारी जी ३२ बिटांची संख्या ओळखायला सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागायला हवेत, ती १३ प्रयत्नांत ओळखता येईल असा हल्ला त्यांनी निबंधात मांडला. २०१२ मध्ये तर फ्रेंच संशोधकांच्या एका गटाने तारेचा स्पर्शही न करता, जवळ धरलेल्या प्रोबच्या विद्युतचुंबकीय लहरींनी एफपीजीएमधली कडी जुळवून दाखवली.

या प्रयोगांत जी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, ती म्हणजे हल्ला चालू असताना उपकरण बिनतक्रार चालत असते. कार्ड उत्तर देते, कुलूप उघडते, दिवा हिरवा असतो. बाकी कोणताही बिघाड कुठेतरी दिसतो. हा दिसत नाही.

आणि कमकुवत यादृच्छिक संख्येचे परिणाम प्रयोगशाळेपुरते राहत नाहीत. तैवानमध्ये सरकारने नागरिकांना दिलेल्या डिजिटल प्रमाणपत्राच्या स्मार्ट कार्डांवरील २० लाखांहून अधिक सार्वजनिक किल्ल्या काही संशोधकांनी तपासल्या आणि २०१३ मध्ये जाहीर केले, की त्यांतल्या १८४ किल्ल्या त्यांनी फोडल्या आहेत. १०३ किल्ल्यांच्या बाबतीत तर एकाहून अधिक कार्डांनी एकच मूळ संख्या वापरली होती, त्यामुळे दोन संख्यांचा मसावि काढण्यासारख्या शालेय गणिताने त्या उघडल्या. कार्डातल्या चिपमधला यादृच्छिक संख्यांचा स्रोत काही कार्डांत नीट काम करत नव्हता. ती कार्डे आंतरराष्ट्रीय मानकांनुसार प्रमाणित होती.

आता माझ्या घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने मुख्य प्रवेशद्वाराला आणि वाहनतळाच्या फाटकाला डिजिटल कुलपे बसवायचे ठरवले. पुरवठादार कंपनीच्या प्रतिनिधींना मी सभेत विचारले, की तुमच्या कुलपाची किल्ली ज्या संख्येवरून तयार होते, ती संख्या चिपमध्ये कशी तयार होते आणि तिची तपासणी कुणी केली आहे. त्यांनी अतिशय सौजन्याने एक जाडजूड फाइल पुढे केली. तीत कुलपावर रेडिओ लहरींचा मारा करून, पुरवठ्यात अडथळे घालून घेतलेल्या चाचण्यांचे अहवाल होते, आणि प्रत्येक अहवालाखाली एकच निष्कर्ष होता: चाचणीच्या काळात उपकरण नेहमीप्रमाणे चालू राहिले. मी तीनदा प्रश्न समजावून सांगितला. शेवटी, मॅडम, चिप बाहेरून येते, असे उत्तर मिळाले आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

ही फाइल मी नंतर शांतपणे वाचली आणि त्यातूनच या पत्रातली मुख्य सूचना मला सुचली. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या इम्युनिटी चाचण्यांची, म्हणजे बाहेरचे विद्युत अडथळे उपकरण सोसते का हे पाहणाऱ्या चाचण्यांची, आंतरराष्ट्रीय मानके आहेत. आयईसी ६१०००-४-६ या मानकानुसार उपकरणाच्या तारांमध्ये १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले सिग्नल घुसवून पाहतात. ६१०००-४-३ नुसार हवेतून येणाऱ्या लहरींचा मारा करतात. कड्यांना लॉक करायला लागणारे सिग्नल बहुतांशी याच पट्ट्यांत असतात. म्हणजे हल्लेखोराने जे करायचे, ते प्रमाणित प्रयोगशाळेत आपण स्वतः, पैसे मोजून, प्रत्येक उपकरणावर आधीच करत आहोत. फक्त त्या वेळी पाहतो ते एवढेच, की उपकरण बंद पडते का. त्याच काही मिनिटांत चिपमधून निघणाऱ्या कच्च्या बिटांची नोंद घेतली आणि त्यांत किती अनिश्चितता उरली आहे ते मोजले, तर नव्या यंत्रसामग्रीशिवाय आणि फारशा वाढीव खर्चाशिवाय हा दोष पकडता येईल.

मी कच्ची बिटे हा शब्द मुद्दाम वापरला आहे. बहुतेक चिपमध्ये कड्यांतून आलेली बिटे थेट बाहेर देत नाहीत. ती एखाद्या हॅश किंवा सांकेतिकीकरणाच्या गणितातून घुसळून मग देतात. ही घुसळण आवश्यक आहे, पण ती दोष झाकतेही. आत शून्यांची अखंड माळ जरी दिली, तरी बाहेर पडणारे आकडे दिसायला निर्दोषच दिसू शकतात. म्हणून जर्मनीच्या एआयएस ३१ या नियमावलीत स्रोत कसा चालतो याचे गणिती प्रारूप मागितले जाते, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २०१८च्या ८००-९०बी या दस्तऐवजात कच्च्या बिटांवरून मोजणी करण्याची आणि चिप चालू असतानाही स्रोतावर सतत लक्ष ठेवणाऱ्या चाचण्यांची अट आहे. आपल्याकडे सामान्य ग्राहकाने ही मानके वाचावीत अशी माझी अपेक्षा नाही. पण निविदा काढणाऱ्यांनी ती वाचावीत, अशी नक्कीच आहे. केंद्राच्या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे. एवढ्या संख्येने एखादी वस्तू भिंतीवर गेली, की तिच्या चिपमधला दोष नंतर सॉफ्टवेअर बदलून दुरुस्त करता येत नाही. मीटर नको असे माझे म्हणणे नाही. निविदेत तीन ओळी वाढवाव्यात असे आहे: यादृच्छिक संख्येचा स्रोत कोणता हे पुरवठादाराने लिहून द्यावे, तपासणीसाठी कच्ची बिटे उपलब्ध करून द्यावीत, आणि इम्युनिटी चाचणी चालू असताना घेतलेल्या बिटांची मोजणी अहवालात जोडावी. महापालिका, वीज वितरण कंपन्या, सहकारी बँका आणि मोठ्या गृहसंस्थांचे महासंघ, यांपैकी कुणीही एकाने ही अट घातली, तरी पुरवठादारांना चिप बनवणाऱ्यांकडून उत्तर आणावे लागेल.

केंद्राने २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षा चाचणीसाठी नियम केले, हे पाऊल मला स्वागतार्ह वाटते, कारण त्यामुळे केवळ सॉफ्टवेअर नव्हे, तर हार्डवेअरही तपासायचे असते हे तत्त्व मान्य झाले. तेच तत्त्व आणखी एक थर खाली न्यावे, एवढेच मागणे आहे.

आपल्या शहरात या कामासाठी लागणारी माणसे नाहीत, असे कुणी म्हणू नये. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेमध्ये, कोथरूडच्या टेकडीवर, वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या अशा चाचण्या होतात. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि नको असलेला सिग्नल कुठून कसा झिरपतो हे ओळखण्यात तिथल्या अभियंत्यांची हयातच गेली आहे. सी-डॅक या केंद्राच्या प्रगत संगणन संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. चिपचा आराखडा करणाऱ्या तरुणांची तर बाणेर-हिंजवडीकडे मोठी वस्तीच झाली आहे. ही माणसे एका टेबलाशी बसत नाहीत, कारण रेडिओवाल्यांना गुप्तलेखनाचा विषय परका वाटतो आणि गुप्तलेखनवाले चिप म्हणजे गणित असे धरून चालतात.

आराखडा करणाऱ्यांना सावधगिरीचे उपाय ठाऊक आहेत. कड्यांतल्या गेटांची संख्या वेगवेगळी ठेवणे, कडी दूर दूर बसवणे, त्यांना स्वतंत्र रेग्युलेटरमधून वीज देणे, आणि प्रत्येक कड्याची वारंवारता चिपमध्येच मोजून दोन कडी जुळताना दिसली की संख्या देणे थांबवणे, हे सगळे करता येते. पहिले तीन उपाय धोका कमी करतात. पण चिपगणिक, ऋतुगणिक आणि दाबागणिक वारंवारता सरकत असल्याने आज दूर असलेल्या दोन वारंवारता उद्या एकमेकींना ओलांडून जातात, हे आम्ही त्या गरम हवेच्या झोतात पाहिले. म्हणून माझ्या मते चौथा उपाय, म्हणजे चिपने स्वतःवर ठेवलेली पाळत, ऐच्छिक असू नये. चिपची ओळख पटवण्यासाठी कड्यांच्या वारंवारतांची तुलना करण्याची जी पद्धत सुह आणि देवदास या संशोधकांनी २००७ मध्ये मांडली, तिलाही हे तितकेच लागू आहे; दोन कडी लॉक झाली, तर कोणते जास्त वेगवान या प्रश्नालाच अर्थ उरत नाही.

वाचकांनी घाबरून जावे असे यात काही नाही. एखाद्याच्या कार्डात किंवा कुलपात नेमका सिग्नल घुसवायला ज्ञान, जवळीक आणि वेळ लागतो, आणि काळजीपूर्वक बनवलेले रिंग ऑसिलेटर आजही उत्तम काम देतात. मला काळजी आहे ती आमच्या बोर्डावर झाले तशा प्रकाराची, जिथे हल्लेखोर कुणीच नव्हता, कुणाचा हेतू वाईट नव्हता, एक डिस्प्ले जोडला गेला होता आणि सगळ्या चाचण्या पास होत्या.

तो बोर्ड अजून माझ्याकडे आहे. त्या दोघींनी नोकरीला जाताना तो मला देऊन टाकला आणि डिस्प्लेसकटचा तोच आराखडा त्यात अजून भरलेला आहे. सातव्या आणि आठव्या कड्याच्या पिनांवर त्यांनी लाल शाईने खुणा केल्या आहेत. निविदा तयार करणाऱ्या कोणत्याही कार्यालयातील अधिकाऱ्यांना, कोणत्याही महाविद्यालयाला किंवा गृहसंस्थेला हा प्रकार पाहायचा असेल, तर त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत मला कळवावे. दोन प्रोबांचा स्कोप तेवढा त्यांच्याकडे असावा. बोर्ड घेऊन मी येईन.

आपली विश्वासू,
इलेक्ट्रॉनिक्सच्या एक निवृत्त अध्यापिका
सदाशिव पेठ, पुणे ३०